नौदलातून वकिलीत आलेल्या वडिलांचा स्मृतिलेख कसा लिहावा

नौदलात पंधरा-वीस वर्षे काढून पुढे सनद घेतलेल्या माणसाचा स्मृतिलेख लिहायचा असेल, तर लिहायला बसण्याआधी घरात एकच सूचना द्यावी: तेराव्यापर्यंत कपाटातला एकही कागद बाहेर टाकायचा नाही. कपडे वाटायचे तर वाटा, कागद राहू द्या. आवराआवरीत पहिल्यांदा रद्दीत जातात ती जुनी आंतरदेशीय पत्रे आणि कोर्टाच्या डायऱ्या, आणि पुढे नेमकी तीच शोधावी लागतात.

आधी तारखांचा सांगाडा उभा करावा. एका वहीत डावीकडे वर्ष, मध्ये घटना आणि उजवीकडे ते कशावरून कळले, असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना रिकामा असेल ती ओळ लेखात घेऊ नका. नौदलाच्या काळासाठी डिस्चार्ज बुक किंवा सर्व्हिस सर्टिफिकेट आणि पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) ही दोन कागदपत्रे मुख्य. पीपीओवर शेवटचा हुद्दा आणि पेन्शनपात्र सेवा नोंदलेली असते, म्हणजे भरतीचा काळ मागे मोजून काढता येतो. हे कागद सापडले नाहीत तर नौसैनिकांचे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दजवळच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते, अधिकाऱ्यांचे नवी दिल्लीत नौदल मुख्यालयाकडे. थेट तिकडे पत्र टाकण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकाची नोंदणी तिथे असली तर त्यांचा सेवा क्रमांक हाती लागतो, आणि त्या क्रमांकाशिवाय पुढचा पत्रव्यवहार रेंगाळतो.

सर्वात जास्त चुका होतात त्या जहाजांच्या बाबतीत. नावापुढे ‘आयएनएस’ असले म्हणजे ते जहाजच, असे नाही. लोणावळ्याची शिवाजी, जामनगरची वालसुरा, ओडिशातली चिल्का, मालाडची हमला, मुंबईची आंग्रे ही सगळी किनाऱ्यावरची ठाणी आणि प्रशिक्षण केंद्रे आहेत. ‘बाबा शिवाजी जहाजावर होते’ असे छापले की त्यांचे जुने सहकारी गालात हसतात. शिवाजीवर ते इंजिनरूमचे काम शिकले असणार, वालसुरावर विजेचे. ठाण्याच्या नावावरून त्यांची शाखा ओळखता येते, म्हणून ती नावे गाळू नका, फक्त नीट लिहा.

दुसरा घोटाळा एकाच नावाच्या दोन जहाजांचा. जुनी विक्रांत १९६१ ते १९९७, नवी २०२२ पासून. दिल्ली आणि म्हैसूर या नावांच्या जुन्या क्रूझर १९७८ आणि १९८५ मध्ये निवृत्त झाल्या, त्याच नावांच्या विनाशिका १९९७ आणि १९९९ मध्ये आल्या. खुकरी ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडाली, त्या नावाची दुसरी नौका १९८९ची. लेखासोबत इंटरनेटवरून उतरवलेला जहाजाचा फोटो लावणार असाल तर वर्ष जुळते का ते आधी पाहा. १९७४च्या सेवेला नव्या विनाशिकेचे चित्र लावलेल्या स्मरणिका पाहायला मिळतात.

मग येते १९७१. त्या काळात नौदलात असलेल्या प्रत्येकाच्या घरी ‘कराचीवर हल्ला केला’ ही गोष्ट असते. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रे डागली ती निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती आणि तिची विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर मारा करत होती. विक्रांतवरचा माणूस त्या रात्री कराचीसमोर असणे शक्य नाही. हे पडताळायला पदके पुरतात: पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार की पूर्व आघाडीचा पूर्वी स्टार, ते पाहा. नुसते संग्राम पदक असेल तर त्या काळात ते सेवेत होते एवढेच सिद्ध होते, आणि तेवढेच लिहावे. त्यात कमीपणा काही नाही. बंदरात दारूगोळा चढवणाऱ्यांशिवाय कुठलीच नौका बाहेर पडत नाही. गोव्याच्या मोहिमेत असतील तर जनरल सर्व्हिस मेडलच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी असेल. गोल पदकाच्या कडेवर आणि स्टारच्या मागे क्रमांक आणि नाव कोरलेले असते, भिंगाने वाचा. पितळेचे पॉलिश मात्र लावू नका, घासता घासता कोरीव अक्षरे पुसट होतात.

फोटोतला हुद्दा ओळखताना भूदलाचे नियम लावू नयेत. नौसैनिकाच्या डाव्या बाहीवरचे व्ही आकाराचे पट्टे चांगल्या वर्तनाचे असतात, हुद्द्याचे नव्हेत. हुद्दा कळतो नांगरावरून: एक नांगर म्हणजे लीडिंग, एकमेकांवर आडवे टाकलेले दोन नांगर म्हणजे पेटी ऑफिसर. अधिकाऱ्यांच्या खांद्यावर दोन सोनेरी पट्ट्या असतील तर लेफ्टनंट, तीन असतील तर कमांडर, चार असतील तर कॅप्टन. नौदलाचा कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. त्यामुळे वार्ताहराला ‘कॅप्टन’ सांगताना ‘नौदलातले’ हे सांगायला विसरू नका, आणि मर्चंट नेव्हीतले असतील तर तेही स्पष्ट करा. ‘हुतात्मा’ किंवा ‘वीरगती’ हे शब्द घरी अंथरुणावर गेलेल्या माणसासाठी वापरू नयेत.

वकिलीची बाजू त्या मानाने सोपी. सनदेवर नोंदणी क्रमांक आणि तारीख असते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक ‘एमएएच’ अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी वर्ष असते. इथे एक पडताळणी करून घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, म्हणून सनदेची तारीख नौदल सोडल्यानंतरचीच हवी. आधीची दिसली तर दोनपैकी एक तारीख चुकली आहे. मधल्या वर्षांचा हिशेबही लावा. मॅट्रिक होऊन भरती झालेल्याला आधी पदवी, मग तीन वर्षांचे एलएलबी करावे लागले असणार. पदवी जहाजावर असतानाच बहिःस्थ परीक्षा देऊन मिळवली असेल, तर ती गोष्ट अर्ध्या पानाची आहे, एका ओळीत उरकू नका.

‘सीनियर ॲडव्होकेट’ हा दर्जा उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय देते. तो नसेल तर नुसते ‘ॲडव्होकेट’ लिहा. नोटरी, सरकारी वकील ही पदे असतील तर नेमणुकीचे पत्र पाहून लिहा. गाजलेले खटले शोधायचे तर महाराष्ट्र लॉ जर्नल किंवा बॉम्बे केसेस रिपोर्टरमध्ये निकालाच्या सुरुवातीला वकिलांची नावे असतात. तालुका आणि जिल्हा न्यायालयात आयुष्य गेलेल्यांची नावे तिथे बहुधा मिळत नाहीत. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधता येते, पण जुन्या निकाली प्रकरणांची नोंद तुटक आहे. या ठिकाणी उपयोगी पडतो तो त्यांचा कारकून. कोणाची फी घेतली नाही, कोणत्या माजी सैनिकाच्या पेन्शनसाठी किती वर्षे लढले, हे घरच्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. मात्र पक्षकाराचे नाव किंवा त्याने विश्वासाने सांगितलेले काही लेखात येऊ देऊ नका. गोपनीयतेचे ते बंधन काम संपले तरी कायद्याने सुटत नाही.

आता घर. ‘कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, प्रेमळ’ हे तीन शब्द मराठीतल्या प्रत्येक निधनवार्तेत असतात, म्हणून ते कोणालाच दिसत नाहीत. त्याऐवजी कृती लिहा. जहाजावरून आलेल्या पत्रांत मुलांच्या गणिताची चौकशी आहे का? बदली झाली तेव्हा बिऱ्हाड कोणी हलवले? वकिलाच्या घरचे कॅलेंडर न्यायालयाच्या सुट्ट्यांवर चालते, तेव्हा मे महिन्यात ते कुठे असत, दिवाळीच्या सुट्टीत काय दुरुस्त करत? पत्नीला विचारताना ‘ते कसे होते’ असे विचारू नये, उत्तर ‘चांगले होते’ असेच येते. ‘जहाज बंदराला लागल्यावर घरी आले की पहिले काय करायचे’ असे विचारा. पत्रांवरचा पोस्टाचा शिक्का आणि फ्लीट मेल ऑफिसचा (नौदलाच्या टपाल कार्यालयाचा) पत्ता तारखांच्या वहीत उतरवा. जहाज कोणते हे कित्येकदा तिथेच कळते. पत्रे स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी करू नका. फोटोच्या मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने.

मजकूर दोन मापांचा करा. वर्तमानपत्रासाठी ६० शब्द: पूर्ण नाव, वय, निधनाचा दिवस, नौदलातला शेवटचा हुद्दा, वकिली कुठे केली, ‘त्यांच्या पश्चात’ कोण. सुना, जावई आणि बहिणी राहून जातात आणि त्यावरून रुसवे होतात, तेव्हा ही यादी दोघांकडून तपासून घ्या. स्मरणिकेसाठी ८०० ते १,००० शब्द पुरे, आणि त्यातले निम्मे घर आणि माणसे यांच्यावर असू देत. जहाजांची यादी तळाला चौकटीत टाका. जन्मतारीख, पेन्शन किंवा आधार क्रमांक, घराचा पत्ता छापू नका. अंत्यविधीला घर बंद राहणार असेल तर वेळ आणि पत्ता समाजमाध्यमांवर टाकणे टाळा, ती माहिती नातेवाइकांना फोनने द्या.

बार असोसिएशन शोकसभा घेते. सचिवांकडे एक पानाचा परिचय दोन दिवस आधी पोचवा, नाहीतर शोकप्रस्तावात ऐकीव माहिती जाते आणि तीच कायमची नोंद होते. चालू प्रकरणांच्या फायली पक्षकारांना पोच घेऊन परत करा. सनदेची मूळ प्रत फ्रेम करण्याआधी ते वकील कल्याण निधीचे सभासद होते का हे बार कौन्सिलकडे विचारा. असतील तर वारसांना दावा करताना ती लागू शकते.