मांजर सारखं ओरडतंय, पायात घुटमळतंय? कारण असं शोधा

पहाटे साडेतीनच्या सुमारास आमच्या नेरुळच्या घरात एक आवाज सुरू व्हायचा. खालून वर चढत जाणारा, लांबलचक, आणि शेवटी एकदम तुटणारा. आमची ठकी, तेव्हा बारा वर्षांची, पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी असायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची, पायाला अंग घासायची. मी आडवी झाले की पुन्हा सुरू. दिवसाही तेच. मी ओट्याशी गेले की ती मागे, बाथरूमला गेले की दाराबाहेर बसून हाका. घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी लाडावलीय. शेजारच्या काकू म्हणाल्या, रात्री मांजर रडणं चांगलं नसतं. पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागत होते, पण ताटली चाटूनपुसून साफ करायची, म्हणून आम्हाला काळजी वाटली नाही. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉइड वाढलेलं आहे. औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात तिच्या रात्री शांत झाल्या. त्याआधीचे दोन महिने आम्ही ‘लाड’ म्हणून घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. पिल्लं आईला बोलवायला म्याव करतात, पण मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना फारसं म्याव करत नाहीत. त्यांचं आपसातलं काम वासावर, शेपटीवर, कानांवर, फिस्कारण्यावर चालतं. म्याव असते ती मुख्यतः माणसासाठी. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की खायला मागताना काही मांजरं आपल्या घुरघुरीतच तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा एक बारीक सूर मिसळतात, आणि तो ऐकला की माणसाला स्वस्थ बसवत नाही. म्हणजे ओरडणारं मांजर तुम्हालाच काहीतरी सांगत असतं. काय सांगतंय, ते शोधायचं.

आधी आठ दिवस वही लिहा

डॉक्टरकडे जा किंवा जाऊ नका, हे काम कराच (खाली सांगितलेली तातडीची लक्षणं असतील तर मात्र आठ दिवस थांबू नका). ओरडणं किती वाजता, घरात कुठे उभं राहून, त्याआधी काय घडलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत, एवढं लिहायचं. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. सोबत खाणं, पाणी आणि शी-शूची नोंद. लिटरच्या डब्यात (मांजराच्या शी-शूसाठी वाळू भरून ठेवतो तो डबा) रोज ओले गोळे किती निघतात ते मोजा. दोनाचे पाच झाले, पाण्याची वाटी लवकर रिकामी होऊ लागली, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो.

वजन करायला वेगळा काटा लागत नाही. मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो उतरणं. ओरडण्याचा मोबाइलवर व्हिडिओही काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर तीच मांजर दगडासारखी गप्प बसते आणि आपल्याला आवाजाची नक्कल करून दाखवावी लागते.

कशासाठी लगेच निघायचं

बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या डब्यात जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, आणि लघवी थेंब थेंब होतेय किंवा होतच नाही, तर तो मूत्रमार्ग तुंबल्याचा प्रकार असू शकतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे आणि दूध किंवा तेल पाजत बसतात. यात एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्रीचे दोन वाजलेले असोत, पाऊस असो, फोन करून रात्री उघडा असणारा दवाखाना गाठा. मागचे पाय एकाएकी लुळे पडून मांजर किंचाळू लागलं, तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागलं, तरीही तेच. पूर्ण दिवसभर तोंडात काही घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवाच, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो.

आणि कळवळून सांगते, घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

तातडीचं काही नसलं, पण मांजर सात-आठ वर्षांच्या पुढचं आहे आणि ओरडणं नव्यानं सुरू झालंय, तर रक्त, लघवी आणि जमल्यास रक्तदाब तपासून घ्या. दुखरे सांधे, दात, कमी झालेली नजर, बहिरेपण, या सगळ्यांत मांजर ओरडतं आणि माणसाला चिकटतं. बहिरं मांजर तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्यानं ओरडतं. ठाणे-नवी मुंबईत खासगी दवाखाने आता बरेच झालेत. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे.

नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर

माझ्या मावसबहिणीचा कोपरखैरणेहून रडवेला फोन आला होता. सहा महिन्यांची मांजरी जमिनीवर लोळतेय, रात्रभर विव्हळतेय, पोटात दुखत असणार. मी विचारलं, कंबरेपाशी हात ठेवलास की मागचा भाग वर उचलते का? शेपटी एका बाजूला करून मागचे पाय जागच्या जागी आपटते का? दोन्हीला हो. मांजरी माजावर आली होती.

हे चौथ्या महिन्यातही सुरू होऊ शकतं. एक खेप साधारण आठवडाभर टिकते आणि बोक्याशी संबंध आला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. मांजरीचं हे चक्र उजेडावर चालतं. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नाही, शिवाय फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, त्यामुळे ते वर्षाचा बराच काळ चालूच राहतं. या दिवसांत ती तुमच्या अंगचटीला येते, दार उघडं दिसलं की निसटते. ओरडून गप्प होत नाही, रागावून तर नाहीच. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी हाच उपाय आहे. “एकदा पिल्लं होऊ दे, मग करू” हे मी अजून ऐकते. एकदा पिल्लं झाल्यानं मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही, आणि पिल्लांना घरं मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो. बोक्यांचंही तसंच. खाली पार्किंगमध्ये मांजरी माजावर आली की वरच्या मजल्यावरचा बोका ग्रिलला नाक लावून रात्र जागवतो.

घरात काय बदललं?

तब्येत ठीक आहे, ऑपरेशन झालेलं आहे, तरी ओरडतंय, तर वहीतल्या तारखा आठवून बघा. रंगारी आले होते का? घरून काम करणारं माणूस ऑफिसला जायला लागलं का? बाळ आलं, आजी गावी गेल्या, गणपतीत दहा दिवस पाहुणे होते, खिडकीखाली नवा बोका येऊन बसायला लागला? आपल्याला यातलं काहीच विशेष वाटत नाही. मांजराला मात्र घराचा वास बदललेला कळतो.

सध्या वाशीत, नेरुळला, ठाण्यात नौपाड्यात जुन्या इमारती पाडून पुनर्विकास चाललाय. माणसं भाड्याच्या घरात जातात आणि मांजर तिथं आठ-पंधरा दिवस ओरडत फिरतं. अशा वेळी पूर्ण घर एकदम मोकळं सोडू नका. आधी एका खोलीत त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण, पाणी, लिटरचा डबा ठेवा. तिथं ते निवांत जेवायला लागलं की मग एकेक दार उघडा. खिडक्यांना जाळी मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या.

सवय आपणच लावलेली असेल तर

सारसोळ्याच्या कोळीणमावशी आमच्याकडे दहाच्या सुमारास येतात. टोपली खाली टेकायच्या आत आमचा दुसरा, तरुण बोका दाराशी हजर, आणि मांदेली हातात पडेपर्यंत त्याचा नुसता कल्ला. मावशी आल्या नाहीत तरी दहाला तो ओरडायचाच. वही बघितली तर दर वेळी त्याच्या ओरडण्यानंतर मी काहीतरी दिलेलं होतं.

उपाय सोपा आहे, पण निभावणं अवघड. ओरडत असताना द्यायचं नाही, बोलायचं नाही, बघायचंही नाही. दोन क्षण गप्प बसलं की लगेच द्यायचं. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल, कारण आजवर जे चालत होतं ते का चालत नाही हे ते जोर लावून बघतं. नेमकं त्याच वेळी हार मानलीत तर ‘जास्त ओरडलं की मिळतं’ हेच पक्कं होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकत्र ठरवा. एकट्या आजोबांनी चोरून बिस्कीट दिलं तरी सगळं मुसळ केरात.

पहाटेचं ओरडणं कमी करायचं तर रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरी किंवा पिसाच्या काठीनं दमेपर्यंत खेळवा आणि लगेच जेवण द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. मारू नका, पाणी उडवू नका. भीतीनं गप्प झालेलं मांजर दुखलं तरी सांगत नाही.

चिकटेपणाबद्दल एवढंच. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात दोन मिनिटं एकटी ठेवलेली मांजरपिल्लं मालक परत आल्यावर कशी वागतात ते पाहिलं. सुमारे ६५ टक्के पिल्लं मालकाला भेटून पुन्हा आजूबाजूला हुंगायला लागली, उरलेल्यांतली काही चिकटून बसली किंवा मालकाला टाळू लागली. घरी तुम्हीही हे बघू शकता. दार उघडल्यावर पायाला अंग घासून आपल्या वाटेनं जाणारं मांजर निर्धास्त असतं. जे क्षणभरही सोडत नाही, त्याला खिडकीशी उंच बसायची जागा, लपायला खोका आणि तुमचा ठरलेला वेळ द्या. बाहेर जाताना कौतुकाचा मोठा निरोप घेऊ नका.

म्हाताऱ्या मांजरांना या शिस्तीतून वगळा. त्यांना अंधारात दिशा कळेनाशी होते, लिटरचा डबा कुठे ते आठवत नाही. ठकी आता चौदा वर्षांची आहे. पॅसेजमध्ये रात्रभर एक लहान दिवा जळतो, डबा तिच्या गादीपासून चार पावलांवर आणलाय, आणि त्याची एक कड कापून खाली केलीय, पाय उचलायला त्रास नको म्हणून. अजूनही कधीतरी पहाटे हाक येते. मी अंथरुणातूनच “आहे गं मी इथं” म्हणते, आणि थोड्या वेळानं ती येऊन पायथ्याशी बसते.