गाडीचा हॉर्न बदलताय? आधी या चुका टाळा

कंपनीतून आलेला हॉर्न बहुतेक कम्युटर गाड्यांवर, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या मोटरसायकलींवर, कमीच पडतो. काचा बंद, एसी चालू आणि गाणी लावलेल्या कारच्या शेजारून जाताना तो चिरका 'पीं' आतल्या माणसापर्यंत पोचतच नाही. बस डावीकडे दाबत यायला लागली की त्या क्षणी ड्रायव्हरला आपण ऐकू जाणं हा जिवाचा प्रश्न असतो. त्यामुळे हॉर्न बदलायला माझा विरोध नाही, उलट रोज शहरातून आणि हायवेवरून गाडी चालवणाऱ्याने तो बदलावा असंच मी सांगतो. पण बदलणारे दहा जण पाहिले तर त्यातले बरेच जण त्याच त्या चुका करून येतात. हॉर्न बदलणं हे आवाजाचं काम नाही, वायरिंगचं काम आहे. हे एवढं ज्याला पटलं, त्याच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

जुना हॉर्न न तपासताच नवा आणणं

हॉर्न बसका वाजतो म्हणून लोक थेट दुकान गाठतात. आधी मल्टिमीटर घ्या. चावी लावा, हॉर्न दाबून धरा आणि हॉर्नच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १२.४ आणि हॉर्नवर १० किंवा साडेदहा दिसलं, तर दोन व्होल्ट वाटेतच जिरतायत. गंजलेलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची चिमटी), सैल कप्लर (दोन वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट) किंवा स्विचच्या काँटॅक्टवर साचलेलं काळं, यांपैकी काहीतरी आहे. ते साफ केल्यावर कित्येकदा जुनाच हॉर्न खणखणीत वाजतो. आणि हा दोष तसाच ठेवून नवा हॉर्न लावलात तर तोही बसकाच वाजणार.

रिलेशिवाय हॉर्न जोडणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर लिहितो. रिले म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर चालणारा वेगळा स्विच, जो हॉर्नचा मोठा करंट बॅटरीतून थेट हॉर्नला सोडतो.

कंपनीचा चपटा डिस्क हॉर्न साधारण दोन-अडीच अँपिअर खातो. हँडलवरचं बटण, त्याच्या आतला बारीक काँटॅक्ट आणि तिथून जाणारी बारीक वायर हे सगळं तेवढ्याच हिशोबाने केलेलं असतं. तुम्ही आणता ती विंडटोनची जोडी, म्हणजे शंखासारखी वळलेली नळी असलेले दोन हॉर्न, एक हाय आणि एक लो. प्रत्येकी चार ते पाच अँपिअर, म्हणजे जोडीचे आठ ते दहा. चौपट करंट त्याच बारीक वायरीतून आणि त्याच बटणातून न्यायचा? गॅरेजवाला म्हणतो, "चालतंय हो, मी शेकड्याने बसवलेत." चालतं, हे खरं. किती दिवस चालतं, ते तो सांगत नाही, कारण तोपर्यंत गाडी त्याच्याकडून गेलेली असते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने असाच जोड हॉर्न लावून घेतला. मी त्याला रिले घाल म्हटलं तर तो म्हणाला, "काका, वाजतोय तर मस्त, मग रिले कशाला?" गावात खरंच काही झालं नाही, कारण गावात आपण हॉर्न टिचकीसारखा वाजवतो. क्षणभर जास्त करंट गेला तरी फ्यूज तग धरतो. पुढे पावसाळ्यात संध्याकाळी तो साताऱ्याला निघाला. खंबाटकी घाट चढताना पुढचा ट्रक वळणावर त्याच्या बाजूला सरकायला लागला आणि त्याने बटण दाबूनच धरलं. त्याच्या गाडीला अख्ख्या वायरिंगसाठी एकच मुख्य फ्यूज, तोही दहा अँपिअरचा. हेडलाइट, इंजिनाला लागणारा करंट, ब्रेक लाइट आणि वर हे नऊ-दहा अँपिअर. फ्यूज गेला. हॉर्न तर बंद झालाच, पण त्याच क्षणी इंजिन बंद, हेडलाइट बंद, मागचा लाल दिवाही बंद. चढावर, वळणावर, पावसात, मागून भरलेले ट्रक येत असताना. त्याने गाडी ढकलत कठड्याला लावली आणि वाचला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. कोणीतरी मदतीला आलं आणि उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना वायरीतली एक तार गुंडाळून दिली. गाडी सुरू झाली. तशीच ती साताऱ्याला गेली, परत आली आणि पुढेही तशीच धावत राहिली. काही दिवसांनी हेडलाइट मिचमिचतो म्हणून त्याने गाडी माझ्याकडे आणली. हेडलाइटचं घर उघडलं तर आतल्या वायरींचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकींना चिकटलेलं, हॉर्नच्या बटणामागचं प्लास्टिक वितळून वाकलेलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पेट्रोलच्या टाकीखाली आग लागली असती. हँडलचा स्विच आणि पुढचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, दोन्ही बदलावं लागलं. जो रिले घातला नाही, त्याची किंमत दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास असते.

मी रिले कसा जोडतो ते सांगतो. बारा व्होल्टचा, तीस किंवा चाळीस अँपिअरचा चार पिनांचा ऑटो रिले घ्यायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली जाड वायर फ्यूजमधून ३० नंबरच्या पिनेला. ८७ पासून तशीच जाड वायर दोन्ही हॉर्नच्या एकेका टोकाला. हॉर्नची उरलेली टोकं स्वतंत्र वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला. चॅसीवर रंग आणि गंज असतो, म्हणून मी बॉडी अर्थवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच निगेटिव्ह धरण्यावर, विसंबत नाही. आणि जुन्या हॉर्नला येणाऱ्या दोन्ही वायरी, कंपनीच्या कप्लरसकट, ८५ आणि ८६ ला. रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५-८६ मधल्या तारेच्या गुंडाळीला, अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, त्यामुळे बटण आणि जुनी वायर आयुष्यभर आरामात राहतात. वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. मी स्वतः अडीचची घालतो.

'दोन्ही वायरी' यावर मी जोर देतो त्याला कारण आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून काम करणारे एक वायर ८६ ला लावतात आणि ८५ थेट बॉडीला अर्थ करतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असतो आणि बटण निगेटिव्ह जोडतं. नेमकी ती कायम पॉझिटिव्ह वायर हाती लागली तर चावी फिरवताच हॉर्न बोंबलायला लागतो आणि बंदच होत नाही. दोन्ही जुन्या वायरी कॉइलवर घेतल्या की बटण कुठल्याही बाजूचं असो, फरक पडत नाही. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर तेवढं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघावं लागतं. त्याच्या अंगावर ती खूण छापलेली असते. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळी ठेवून तिला टेप लावा.

फ्यूज लांब बसवणं, किंवा न बसवणंच

फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत हवा. हॉर्नजवळ लावलेला फ्यूज हॉर्नला वाचवतो, पण बॅटरी ते हॉर्न ही वायर कुठे घासून चॅसीला टेकली तर तिला कोण वाचवणार? जोडीला पंधरा, एका हॉर्नला दहा अँपिअर. उडाला तर कारण शोधा. मोठा फ्यूज किंवा तार घालू नका, परिणाम वर सांगितलेलाच आहे.

तोंड वर करून हॉर्न बसवणं

विंडटोनच्या नळीचं तोंड खाली, फार तर पुढे आणि किंचित खाली असलं पाहिजे. तोंड वर किंवा आडवं ठेवलं की पहिल्याच मोठ्या पावसात नळीत पाणी साचतं आणि मग आवाज घोगरा होतो किंवा पूर्ण जातो. लोक दुकानदाराशी भांडायला जातात, बसवण्यात चूक होती हे मानत नाहीत. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले महिने सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरचं पाणी, दोन्हींचा विचार हवा. गाडी धुताना मी नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधतो. पाणी गेलंच असेल तर हॉर्न काढून नळीचं तोंड खाली करून ठेवायचा, उन्हात वाळू द्यायचा. ओला असताना सारखा वाजवून 'मोकळा' करायला जाल तर आतला काँटॅक्ट जळेल.

बसवायची पट्टीही महत्त्वाची. हॉर्नसोबत आलेली स्टीलची पट्टी थोडी लवचीक असते, ती तशीच हवी, कारण हॉर्नला थरथरायला जागा लागते. ती फेकून हॉर्न जाड अँगलला घट्ट आवळला किंवा त्याचं अंग चॅसीला टेकलं की चांगल्या हॉर्नचाही आवाज दबतो. आणि बसवून झाल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, पुढचा शॉकअप दाबून बघा. मडगार्ड हॉर्नला लागतंय का, हँडल वळताना वायर ताणली जातेय का, हे घरी दिसलं पाहिजे, खड्ड्यात नाही. हँडलच्या टीजवळ, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथे, वायरीला स्लीव्ह घाला आणि थोडी ढील ठेवा. घासून उघडी पडलेली वायर मी सगळ्यात जास्त वेळा तिथेच पाहिली आहे.

पिळून टेप मारणं

वायरीच्या जोडाला क्रिम्प केलेलं, म्हणजे पकडीने दाबून बसवलेलं, थिंबल हवं आणि वर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. हातात क्रिम्पिंगची पक्कड नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. पिळलेल्या जोडावरची काळी टेप उन्हाने सुटते. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर तर कापूच नका, म्हणून तर कंपनीचं कप्लर तसंच वापरायचं.

दिसतं तेच घेणं

पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात एकाच खोक्यातले दोन हॉर्न वजनात वेगळे निघालेले मी पाहिलेत. जाण्याआधी अस्सल जोडीचं वजन आणि अँपिअर कंपनीच्या माहितीत बघून ठेवा. हाताला हलका लागला तर खाली ठेवा. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याने भुलू नका. तो किती अंतरावर मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उघड्यावर सहा डेसिबल कमी होतात. माझा भर जोडीतल्या लो हॉर्नवर असतो. साधारण चारशे हर्ट्‌झचा तो जाड आवाज बंद काचेतून चिरक्या आवाजापेक्षा जास्त आत जातो आणि रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला दचकवतही नाही.

प्रेशर हॉर्न आणि गाणी वाजवणारे हॉर्न

नकोच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश, दचकवणारा आवाज करणारे हॉर्न लावायला सरळ मनाई करतो. विंडटोनचे दोन्ही सूर एकाच वेळी वाजतात, त्यामुळे ते 'एकामागून एक'मध्ये येत नाहीत. पण हॉर्न नियमातला असला तरी वापर तुमचा असतो. विनाकारण किंवा सतत वाजवला, किंवा हॉर्नबंदीच्या पाटीजवळ वाजवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर, तिथे हॉर्न बंद. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागातही तसंच, आणीबाणी सोडून.

मोठा हॉर्न लावला की नवी मुलं वेग कमी करायचं सोडून देतात, याचा मला मनापासून राग येतो. हॉर्न डाव्या अंगठ्याखाली आहे आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात, दोन्ही एकाच वेळी वापरता येतात आणि तसेच वापरायचे असतात. समोरच्याने ऐकलंच नाही असं धरून आधी ब्रेकवर बोटं न्यायची. सिग्नल सुटण्याआधी मागून भोंगा वाजवणाऱ्याला मी हॉर्न बसवून देत नाही.

बसवल्यावर वाजत नसेल तर

बटण दाबल्यावर रिलेचा 'टक' आवाज येतो का ते आधी ऐका. येत असेल तर बटणाची बाजू ठीक आहे. फ्यूज, ३० नंबरवर व्होल्टेज, मग ८७ वर, मग हॉर्नचा अर्थ, या क्रमाने टेस्ट लॅम्प लावत जा. टकटक भराभर होत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. टक येतच नसेल तर ८५-८६ वर बटण दाबून मीटर लावा. बारा व्होल्ट दिसले तर रिले गेला, नाही दिसले तर जुना कप्लर किंवा बटण. आणि दोनपैकी एकच हॉर्न वाजत असेल तर मागचा आवाज जुळवायचा स्क्रू फिरवायची घाई करू नका, आधी त्याचं थिंबल काढून घट्ट बसवा. स्क्रूला हात लावायचाच झाला तर हॉर्न वाजवत अगदी थोडा फिरवायचा आणि तो जुन्या डिस्क हॉर्नचा. नव्या विंडटोनचा स्क्रू कारखान्यातच लावून सील केलेला असतो.