काळी खिडकी लपवण्याआधी

दर तासाला आपोआप चालणारा प्रोग्राम लावला की क्षणभर एक काळी खिडकी चमकून जाते. ती नकोशी होते, हे मान्य. पण ती गेली की प्रोग्रामची तक्रारही कानावर यायची बंद होते. म्हणून विंडोजवर खिडकी लपवायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी लॉगची, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीची, सोय करा. प्रोग्राम कधी सुरू झाला, कधी संपला, मध्ये काय बिनसलं, हे तारीख-वेळेसह एका फाइलीत उतरलं पाहिजे. त्या फाइलीचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहा. टास्क शेड्युलर ही ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय. तिच्यातला ‘स्टार्ट इन’ (कुठल्या फोल्डरमधून सुरू करायचं) हा रकाना रिकामा राहिला तर प्रोग्राम सहसा विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभा राहतो आणि नुसत्या नावाने दिलेल्या फाइली त्याला सापडत नाहीत.

मग प्रोग्राम कुठे प्रश्न विचारतो का, ते शोधा. माझी एक बॅकअपची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ‘जुनी फाइल पुसू का?’ असं विचारून न दिसणाऱ्या खिडकीत उत्तराची वाट पाहत बसली होती. त्यात शेड्युलरचा मूळ नियम असा, की आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू करायची नाही. म्हणजे पुढच्या फेऱ्या बंद, आणि मी आपला निर्धास्त! असे सगळे प्रश्न काढून टाका, किंवा उत्तर आधीच देऊन ठेवा. टास्क किती वेळाने थांबवायचं ही मुदतही बघून घ्या. ती मुळात ३ दिवसांची असते, दहा मिनिटांच्या कामाला फारच ऐसपैस.

आता खिडकी मुळात का उघडते, ते. प्रत्येक ईएक्सई (प्रोग्रामच्या) फाइलीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, सबसिस्टिमचा (प्रोग्रामच्या प्रकाराचा) आकडा असतो: २ म्हणजे ग्राफिकल, ३ म्हणजे कन्सोल, म्हणजे ती काळी खिडकी वापरणारा. साध्या डबल-क्लिकने उघडताना ३ दिसला की प्रोग्रामची पहिली ओळ चालायच्या आधीच कन्सोल तयार. पॉवरशेलला (विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘विंडोस्टाइल हिडन’, म्हणजे खिडकी लपव, असं सांगूनही खिडकी लुकलुकते ती यामुळेच. पॉवरशेल तो हुकूम वाचेपर्यंत ती उघडलेली असते. तेव्हा सुरुवातच २ आकड्याच्या प्रोग्रामने करा. पायथन भाषेतल्या प्रोग्रामसाठी पायथनडब्ल्यू आहे, जावासाठी जावाडब्ल्यू. विंडोजच्याच डब्ल्यूस्क्रिप्ट या प्रोग्रामने चालणारी, व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या भाषेतली दोन ओळींची स्क्रिप्टही चालते, तिच्यातल्या ‘रन’ या आज्ञेला दुसरं मूल्य ० दिलं की झालं, पण व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढून टाकणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे नवं काम त्यावर उभारू नका. तुमच्याच प्रोग्राममधून दुसरा कन्सोल प्रोग्राम बोलवत असाल तर ‘क्रिएट_नो_विंडो’ हा फ्लॅग (खिडकी न उघडण्याची खूण) द्या.

पायथनडब्ल्यूची एक खोड आधीच माहीत असू द्या. त्यात स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रोग्रामने मजकूर दाखवायची नेहमीची जागा, नसतंच. ‘प्रिंट’ ही आज्ञा मुकाट्याने काही करत नाही, पण एखादी लायब्ररी (वापरायला घेतलेला तयार कोड) थेट तिथे लिहायला गेली की प्रोग्राम कोसळतो, तोही आवाज न करता. सुरुवातीलाच आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगकडे वळवा.

शेड्युलरमधला ‘युजर लॉग-ऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडला तरी खिडकी दिसत नाही, कारण मग प्रोग्राम तुमच्या डेस्कटॉपवर चालतच नाही. नेटवर्क ड्राइव्हला तुम्ही दिलेलं अक्षर तिथे मिळेलच असं नाही. सर्व्हरच्या नावाने पूर्ण पत्ता द्या. स्क्रीनवर क्लिक करणाऱ्या प्रोग्रामला हा पर्याय देऊच नका.

थांबवायचं कसं, तेही ठरवा. टास्क मॅनेजरमध्ये चार पायथनडब्ल्यू सारखेच दिसतात. ‘डिटेल्स’मध्ये कमांड लाइनचा रकाना चालू केला की कोणता कुणाचा ते कळतं. संगणक दुसऱ्याचा असेल तर त्याला सांगूनच हे करा. अँटिव्हायरसला छुपे प्रोग्राम तसेही खटकतात.

शेवटी मुद्दाम मोडतोड करा. इनपुट फाइलीचं नाव बदला, नेट बंद करा आणि लॉगमध्ये ते नीट उमटतं का बघा. काही दिवस खिडकी दिसू द्या, मग लपवा. आणि लॅपटॉप असेल तर शेड्युलरमधली ‘फक्त चार्जर लावलेला असताना’ ही आधीपासूनच असलेली टिक काढा.