बर्बनच्या बाटलीवर वय नसेल तर?

अमेरिकेत बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) घेताना लेबलवर वय, म्हणजे ती पिंपात किती वर्षं मुरली ते, दिसलं नाही, की माल कोवळा असेल म्हणून आपण बाटली परत ठेवतो. आधी एवढं बघा:

१. ‘स्ट्रेट बर्बन’ लिहिलंय का? लिहिलं असेल आणि वय दिलेलं नसेल, तर ती किमान ४ वर्षं मुरलेली असते. ४ वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. बारीक अक्षरात का होईना, मागच्या लेबलवर सापडतंच.

२. ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसलं तर आणखी बरं. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान ४ वर्षांची आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. हा कायदा १८९७ सालचा. माझी पहिली पसंती हीच.

३. वय छापलेलं असेल तर ते मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं. नुसता मोठा आकडा असेल आणि पुढे ‘वर्षे’ नसेल, तर त्याला वय समजू नका.

फार जुनी म्हणजे चांगलीच, असंही नाही. नव्या जळक्या ओकच्या पिंपात जास्त राहिली की लाकडाचा कडवटपणा उतरतो.

पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात व्हिस्कीची दुकानं सरकारी असतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून मागवायचा मोह होतो. पण अमेरिकेच्या सरकारी टपालानं दारू पाठवायला बंदी आहे.