तमिळ ‘श्री’: दिसायला एक, साठवणीत दोन

पुण्यात रास्ता पेठेतल्या तमिळ कुटुंबाची लग्नपत्रिका असो की सोसायटीची सभासदयादी, तमिळ मजकुरात ‘श्री’ हटकून येते आणि शोध नेमका तिथेच फसतो. ‘श्रीनिवासन’ पडद्यावर ढळढळीत दिसत असतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. एकाच नावाच्या दोन नोंदी होतात, अकारविल्हे यादीत त्या वेगवेगळ्या जागी जातात.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि ते क्रमांक ठरवणारी जागतिक यादी म्हणजे युनिकोड. तिच्या तमिळ विभागात २००५ पर्यंत श नव्हताच. त्यामुळे श्री स पासून बांधत (कंसात युनिकोड क्रमांक): स (३०००), पुळ्ळी म्हणजे आपला हलन्त (३०२१), र (२९९२), दुसरी वेलांटी (३००८). त्या वर्षी ४.१ आवृत्तीत श (२९९८) आला. तेव्हापासून पहिल्या जागी श असलेला क्रम योग्य मानतात. पुढचे तीन क्रमांक तेच. बरेच फॉन्ट दोन्ही क्रमांना एकच आकृती देतात, म्हणून प्रूफ कितीही वाचलं तरी फरक कळत नाही.

तपासायचं ते एक्सेलमध्ये. नाव ए२ मध्ये असेल आणि श्रीने सुरू होत असेल तर शेजारी =युनिकोड(मिड(ए२,१,१)) हे सूत्र द्या. सूत्र आणि आकडे प्रत्यक्षात रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत टंकायचे. उत्तर ३००० आलं तर जुना क्रम, २९९८ आलं तर नवा.

दुरुस्तीसाठी ‘सब्स्टिट्यूट’ वापरा आणि चारही क्रमांक ‘युनिकार’ने (क्रमांकावरून अक्षर देणारं सूत्र) जोडून अख्ख्या जुन्या क्रमाच्या जागी नवा क्रम घाला. नुसता स बदलायला जाऊ नका, नाहीतर सरस्वतीची ‘शरश्वती’ होईल. उलट दिशेनेही उत्साह नको: रोजच्या तमिळ लेखनात शंकर हे नाव सहसा च (२९७०) वापरूनच लिहितात, ती चूक नव्हे. युनिकोड नॉर्मलायझेशनवरही, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करणाऱ्या प्रक्रियेवरही, विसंबू नका. ओची मात्रा दोन तुकड्यांत (३०१४, ३००६) टंकली असेल तर ते तिचं एकच चिन्ह (३०१८) करतं; पण स आणि श ही त्याच्या लेखी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, त्यांना ते हात लावत नाही.

नव्याने टंकताना इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक येणाऱ्याला फार शिकावं लागत नाही. मराठीत शिफ्ट-एम, डी, जे, आर दाबून श्री उमटते. तमिळ लेआउटवरही तेच करून बघा. श उमटला नाही तर लेआउट श नसलेल्या जुन्या युनिकोड यादीवर बेतलेला आहे, तो बदला.

युनिकोडमधले भारतीय लिप्यांचे विभाग इस्की या जुन्या भारतीय संकेतप्रणालीच्या धर्तीवर समांतर मांडलेले असल्याने देवनागरी श (२३५८) मध्ये ६४० मिळवले की तमिळ श मिळतो. पण हा हिशेब लिप्यंतराला वापरू नका. तमिळमध्ये ख, ग, घ नाहीत; ख मध्ये ६४० मिळवले तर रिकामी जागा येते आणि छपाईत चौकोन उमटतो.

पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये श्री फुटून डोक्यावर टिंब असलेलं अक्षर आणि बाजूला री असं दिसलं, तर आधी परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) ‘वर्ल्ड-रेडी’ करा. तरीही फुटत असेल तर फॉन्ट बदला. नोटो सान्स तमिळ चालतो. फुटली म्हणून पुन्हा स घालणं हा उपाय नाही, त्याने पत्रिका छापून होईल पण यादी बिघडेल.

यादीची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करताना ‘यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर तमिळच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. रकान्याची लांबी बाइटमध्ये ठरत असेल तर प्रत्येक चिन्हाला ३ धरा. एका श्रीला १२ लागतात. एसएमएसच्या ७० अक्षरांतही ती ४ जागा खाते.

शोधपेटीत टंकलेला शब्दही शोधण्याआधी असाच जुन्या क्रमातून नव्या क्रमात बदलून घ्या. लोकांच्या मोबाइलवरचे कळफलक एकाच क्रमाने लिहितील याची खात्री नसते.