स्वस्तातलं स्पिनिंग रीळ घेताना या चुका टाळा

खाडीच्या धक्क्यावर गरवायला येणारी पोरं नवं रीळ (गळाचा दोरा गुंडाळायचं हँडलचं यंत्र) दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काका, तेरा बेअरिंगचं आहे!" किंमत विचारावी तर बाराशे-पंधराशे. हँडल फिरवून पाहिलं तर लोण्यासारखं फिरतं. दुकानात, कोरडं असताना, ओढ नसताना सगळीच रिळं तशी फिरतात.

बेअरिंग मोजून रीळ घेणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. बाराशे रुपयांत तेरा बेअरिंग बसवायची तर ती लवकर गंजणारी असणार, आणि त्यांतली काही तर हँडलच्या मुठीत नुसती आकडा वाढवायला बसवलेली असतात. कामाच्या जागा मोजक्या: मुख्य गिअरच्या दोन बाजू, पिनियन (छोटा गिअर) आणि लाईन रोलर, म्हणजे दोरा (लाईन) ज्याच्यावरून वळून आत येतो तो छोटा रूळ. तिथे चार चांगली असली तरी पुरे. म्हणून शिमानो कंपनीच्या सिएना, एफएक्स अशा साध्या रिळांवर बेअरिंगचा आकडा छोटा दिसला तर नाक मुरडू नका.

त्यातही रोलर आधी बघा. माझ्या पहिल्या रिळाला बेअरिंग भरपूर होती, पण एका हंगामातच खाऱ्या पाण्याने रोलर जाम झाला. मला कळलंच नाही. ब्रेड (विणलेली लाईन) रोज एकाच जागी घासत राहिली, रोलरवर खाच पडली आणि संध्याकाळच्या भरतीला लागलेला जिताडा पहिल्याच धावेत लाईन तोडून गेला. लाईन वाईट निघाली म्हणून मी आठवडाभर दुकानदाराला बोल लावत होतो. आता महिन्यातून एकदा दोरा रोलरवर ताणून पुढेमागे ओढतो. रोलर फिरला नाही तर उघडून पुसतो आणि पातळ तेलाचा एक थेंब सोडतो.

दुसरी फसगत ड्रॅगच्या आकड्याची. ड्रॅग म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन धरून-धरून सोडणारा रिळाचा ब्रेक. खोक्यावर "कमाल ड्रॅग 10 किलो" असतं आणि आपण खूश होतो. पण 20 पौंडांची लाईन म्हणजे साधारण 9 किलो ताकद. ड्रॅग लावायचा तिच्या पाव ते एक तृतीयांशावर, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोंवर. दहा किलो कधी वापरणारच नाही. बघायचं ते हे की ड्रॅग सुटताना झटका देतो का. दुकानातच थोडी लाईन चढवून घ्या, ड्रॅग अर्ध्यावर लावा आणि हाताने हळूहळू ओढा. अडकत-सुटत, टकटक करत लाईन आली तर ते रीळ परत ठेवा. मोठी तांबोशी खडपाकडे वळते तेव्हा त्या एका झटक्यात गाठ सुटते. किती किलोंवर लावला ते अंदाजाने ठरवू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा घरी असेल तर लाईन त्याला बांधून मोजा.

साईझचं थोडक्यात सांगतो. खाडीत काळुंदरासारख्या लहान माशांना 2500, जिताडा-तांबोशीला 4000, खडपावरून जड ल्यूर (नकली आमिष) फेकायचे तर 5000 किंवा वर. पण एका कंपनीचा 4000 दुसऱ्या कंपनीच्या 4000 एवढाच असेल असं समजू नका. दाईवा कंपनीने तर 2018 मध्ये एलटी नावाची रिळं आणताना स्वतःचेच जुने आकडे बदलले. वजन आणि लाईन किती मावते ते वाचा. स्पूल (लाईन ज्याच्यावर गुंडाळली जाते तो भाग) ॲल्युमिनियमचा हवा, कारण ताणून भरलेल्या ब्रेडच्या दाबाने प्लास्टिकचा स्पूल तडकू शकतो.

आता "रीळ बिघडलं" म्हणून येणाऱ्या तक्रारी. त्यांतल्या बऱ्याच घरीच सुटतात.

ड्रॅग घट्ट करूनही लाईन जाते? स्पूलकडे नीट बघा. स्पूल स्थिर असेल आणि लाईनचा अख्खा थर त्याच्यावर फिरत असेल तर ड्रॅगचा दोष नाही; गुळगुळीत धातूवर ब्रेड घसरते आहे. सगळी काढा, आधी मोनोचे (साध्या एकपदरी नायलॉन लाईनचे) काही वेढे द्या, मग ब्रेड बांधा.

हँडल मध्येच मागे फिरतं? बहुतेकदा कुणीतरी प्रेमाने ग्रीस भरलेलं असतं आणि ते एकाच दिशेने फिरणाऱ्या क्लचच्या रोलरांत शिरलेलं असतं. स्पिरिटने पुसा, सुकू द्या, अगदी पातळ तेल लावा. तिथे ग्रीस नकोच.

फेकताना गुंते होतात? स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर मोकळे सोडा. बेल (फेकताना उघडायची तारेची कमान) हँडल फिरवून पाडू नका, हाताने पाडा आणि लाईन एकदा ताणून घ्या. मासा लाईन ओढत असताना हँडल फिरवत राहिलात तर पीळ पडतो, तेव्हा हात थांबवा.

धुण्यात सगळ्यांचाच उत्साह नडतो. नळाची जोरदार धार मारली की मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करा, हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा, आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतले फेल्टचे वॉशर दबून बसतात. पावसाळ्यात रीळ कपाटात जाण्याआधी हे विसरलात तर नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच दिवशी ड्रॅग अडकेल.