महासाथीत मेहनत चुकीच्या जागी खर्च होते: घरातल्या या चुका टाळा

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका हौशी गायकवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. कोरोनाची बातमी सर्वांच्या कानावर होती, त्यामुळे दाराशी सॅनिटायझर ठेवलेले होते आणि मिठी मारणे, हात मिळवणे लोकांनी कटाक्षाने टाळले होते. तरीही उपस्थित ६१ जणांपैकी, निश्चित आणि संभाव्य रुग्ण मिळून, ५३ जण आजारी पडले आणि त्यांतील दोघे दगावले. ही माणसे बेफिकीर नव्हती. त्यांनी हातांची काळजी घेतली होती, पण धोका बंद सभागृहातल्या हवेत होता.

महासाथीच्या काळात घरोघरी ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या असतात. हयगय करणारे थोडे असतात. मेहनत बहुतेक सगळेच घेतात, पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या कामांवर खर्च होते आणि जिथे तिची खरी गरज आहे ती बाजू उघडी राहते. शिवाय साथ लांबते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठवली, म्हणजे मध्ये तीन वर्षांहून अधिक काळ गेला. इतका काळ घरातल्या माणसांची ताकद पुरवून वापरायची, तर कोणती सवय उपयोगाची आणि कोणती निव्वळ दमवणारी, हे वेळीच ओळखावे लागते.

साथीचा मार्ग न ओळखता खबरदारी घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. प्रत्येक साथ सारख्या मार्गाने पसरत नाही. कॉलराची सातवी महासाथ १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झाली आणि ती अजून संपलेली नाही. तिच्यापुढे मास्कचा काही उपयोग नाही, तिथे उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणी आणि मैल्याची योग्य विल्हेवाट हीच संरक्षणाची मुख्य साधने आहेत. उलट फ्लू किंवा कोविडसारख्या श्वसनमार्गाच्या साथीत पिण्याच्या पाण्यापेक्षा श्वासातली हवा महत्त्वाची ठरते. म्हणून नव्या साथीची बातमी आली की आपल्या जुन्या सवयी जशाच्या तशा लागू न करता, ती हवेतून, स्पर्शातून, पाण्यातून की कीटकांमार्फत पसरते, हे आरोग्य यंत्रणेच्या निवेदनातून आधी समजून घ्यावे. सुरुवातीचे ज्ञान अपुरे असते आणि काही महिन्यांत सल्ला बदलू शकतो. सल्ला बदलला म्हणून यंत्रणेवरचा विश्वास सोडून देणे आणि जुन्याच सल्ल्याला चिकटून राहणे, या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होते.

कोविडच्या बाबतीत हेच घडले. सुरुवातीला पिशव्या, भाज्या, दाराच्या कड्या पुसण्यात लोकांचे तासन्‌तास गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे मांडले. तोवर पुसापुशीची सवय इतकी मुरली होती की खिडक्या बंदच राहिल्या आणि टेबले चकचकीत झाली.

श्वसनमार्गाच्या साथीत बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात. खोलीच्या एका कोपऱ्यात कोणी सिगारेट ओढली तर तिचा धूर कुठवर पोहोचेल याची कल्पना करावी, म्हणजे फक्त एक-दोन मीटर अंतर ठेवून बंद खोलीत दोन तास बसणे पुरेसे का नाही, हे ध्यानात येते. यावरचा उपाय साधा आहे. शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडे ठेवावे. एकच खिडकी असेल तर तिच्याजवळ बाहेरच्या दिशेने तोंड करून पंखा लावावा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाते. बहुतेक स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतात, ताजी हवा आत आणत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे एसी चालू ठेवायचा असला तरी खिडकी थोडी उघडी ठेवावी किंवा अधूनमधून पूर्ण उघडावी. खोलीतली हवा कितपत कोंदट झाली आहे हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्राने कळते. मोकळ्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असते. माणसांनी भरलेल्या खोलीत ते ८०० च्या वर राहू लागले की हवा पुरेशी बदलत नाही, असे समजावे. हेपा गाळणीचे यंत्र सूक्ष्म कण टिपते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, म्हणून असे यंत्र चालू असताना केवळ आकडा पाहून घाबरू नये.

याचा अर्थ हात धुणे सोडून द्यावे असा मुळीच नाही. साबणाने २० सेकंद हात धुतल्यास कोरोना आणि फ्लूसारख्या विषाणूंभोवतीचे स्निग्ध आवरण फुटते आणि ते निष्क्रिय होतात. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे, आणि तो वाळण्याआधीच हात कपड्याला पुसणे ही फार नित्याची चूक आहे. हात तेलकट किंवा मळलेले असतील तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. जुलाब-उलट्यांना कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो, तिथे साबण आणि पाणीच हवे.

जंतुनाशकांचा अतिरेक

मे २०२० मध्ये अमेरिकेत ५०२ प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा ३९ टक्के लोकांनी खाण्याच्या वस्तू ब्लीचने धुणे किंवा घरगुती जंतुनाशक अंगाला लावणे यांसारखा निदान एक धोकादायक प्रकार केल्याचे सांगितले. फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली धुणे पुरेसे असते. साबण आणि ब्लीच पोटात जाण्यासाठी नसतात. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रावण मिसळले तरी विषारी वायू निघतात. कोणतेही दोन द्रव एकत्र न करणे हा नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः सफाई करणाऱ्या व्यक्तीला, स्पष्ट सांगून ठेवावा. पाण्यात मिसळलेले ब्लीच ठेवून दिले की निकामी होत जाते, म्हणून ते रोज ताजे बनवावे. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारल्याने लागण झालेल्या माणसाचा संसर्ग थांबत नाही. डोळ्यांना आणि त्वचेला त्रास मात्र होतो.

मास्क आहे, पण तो बसत नाही

एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण हवा त्याच्या कापडातून गेली तरच. कडेने फट राहिली तर हवा फटीतून आत येते. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकाजवळ फट आहे, हे ओळखून नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. दाढीमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. असा मास्क पाण्याने धुऊ नये, कारण कण खेचून घेणारा त्याचा विद्युतभार धुण्याने नाहीसा होतो. पुढे झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. रुग्णाने तो वापरू नये.

घरात कोणी आजारी पडल्यावर

इथे घाई आणि दिरंगाई या दोन्ही चुका एकाच घरात होताना दिसतात: औषधांची घाई आणि लक्षणांकडे पाहण्यात दिरंगाई.

लक्षणे दिसू लागल्याच्या पहिल्याच दिवशी घरी केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून निर्धास्तपणे सर्वांमध्ये मिसळणे योग्य नाही. विषाणूचे प्रमाण पुरेसे वाढेपर्यंत ही चाचणी त्याला पकडू शकत नाही. ४८ तासांनी ती पुन्हा करावी आणि तोपर्यंत स्वतःला आजारी समजूनच वागावे. रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी आणि दार बंद ठेवावे, जेणेकरून हवा घरात न येता बाहेर जाईल.

ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा दर दहा मिनिटांनी पाहत राहिल्याने धास्ती वाढते आणि हाती काही लागत नाही. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, बोटे गार असल्यास चोळून ऊबदार करावीत, नखांना रंग असल्यास तो काढावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून एकेका आकड्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा मोजून आकडे कोणत्या दिशेने सरकत आहेत ते पाहावे. ते ९४ च्या खाली जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवावे. ९० च्या खाली गेल्यास रुग्णालय गाठावे. छातीत सतत दाब जाणवणे, ओठ निळसर पडणे, बोलताना धाप लागणे किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागणे, यांपैकी काहीही दिसले तर यंत्राचा आकडा चांगला असला तरी वाट पाहू नये. कोविडमध्ये अनेकांची प्रकृती पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला बिघडली. ताप उतरला म्हणून त्याच सुमारास लक्ष काढून घेतल्याने, दुखणे अंगावर काढणाऱ्यांचा उपचार उशिरा सुरू झाला.

औषधांच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पॅरासिटामॉल सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही असते, त्यामुळे तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी गोळी घेताना नकळत मात्रा दुप्पट होते. निरोगी प्रौढासाठीही २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास यकृताला इजा होऊ शकते. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर त्यांचा काही परिणाम नाही. स्टेरॉइडची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जून २०२० मध्ये असे दिसले की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. जे औषध एकाचा जीव वाचवते तेच दुसऱ्याची प्रतिकारशक्ती दाबते आणि रक्तातली साखर वाढवते, म्हणून ओळखीच्या माणसाचे औषधपत्र स्वतःसाठी वापरणे धोक्याचे आहे. वाफेने विषाणू मरत नाही. कढत पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याचे प्रकार मात्र अनेक ठिकाणी घडले आहेत.

दिनक्रम आणि मन

महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. हा ताण कमकुवत मनाचे लक्षण आहे असे समजून तो लपवणे ही मोठी चूक आहे. बातम्या दिवसभर चालू ठेवल्याने माहिती वाढत नाही, झोप मात्र उडते. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ठरावीक वेळ पुरे, आणि झोपण्यापूर्वीचा तास बातम्यांविना जाऊ द्यावा. झोप बिघडली असेल तर झोपण्याची वेळ साधत बसण्याऐवजी उठण्याची वेळ आधी पक्की करावी आणि उठल्यावर उजेडात जावे, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या प्रकाशाने जुळते. झोप यावी म्हणून मद्य घेतल्यास पहाटे जाग येते आणि सवयही लागते.

अंतर ठेवायचे म्हणून माणसांशी बोलणेच बंद करणे एकट्या राहणाऱ्यांना, विशेषतः वृद्धांना, फार जड जाते. ठरलेल्या वेळी येणारा फोन आणि मोकळ्या हवेतली भेट, दोन्ही चालू ठेवावीत. घरातला सगळा भार, म्हणजे स्वयंपाक, सफाई, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याची सेवा, एकाच व्यक्तीवर पडू देणे, आणि ती व्यक्ती बहुधा बाईच असते, याकडे मी केवळ अन्याय म्हणून पाहत नाही. तीच आजारी पडली तर संपूर्ण घर अडते. कामे लिहून वाटून घ्यावीत आणि आपण आजारी पडलो तर काय करायचे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. सतत रडू येणे, काही आठवडे कशातच मन न लागणे किंवा जगणे नको वाटणे ही डॉक्टरांची मदत घेण्याची वेळ आहे, आणि जगणे नको असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगून मदत मागावी.

इतर आजार थांबत नाहीत

संसर्गाच्या भीतीने छातीतली कळ किंवा तोंड वाकडे होणे घरी बसून सोसणाऱ्यांचे नुकसान साथीपेक्षा मोठे होते, कारण हृदयविकार आणि पक्षाघातात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या संपेपर्यंत न थांबता काही आठवड्यांचा साठा हाताशी ठेवावा, मात्र महिनोन्महिन्यांचा साठा करून इतरांना वंचित करू नये. मुलांच्या लसी पुढे ढकलणे ही तर उद्याच्या दुसऱ्या साथीची तयारी होय: २०२१ मध्ये जगातील सुमारे अडीच कोटी बालकांच्या नियमित लसी पूर्ण झाल्या नाहीत. चुकलेली लस बहुतेक वेळा नंतर देता येते, मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, तेव्हा उशीर झाला म्हणून संकोच न करता दवाखान्यात जावे.

बरे झाल्यावरची घाई

ताप गेला की लगेच पूर्ण वेगाने कामाला लागणे हे अनेकांना कर्तव्य वाटते. काही जणांना मात्र थोड्याशा श्रमानंतर, कधी त्याच दिवशी तर कधी एक-दोन दिवसांनी, एकदम गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी जिद्दीने व्यायाम वाढवत नेल्यास त्रास वाढू शकतो. जितके झेपते त्याच्या आत थांबावे, कामाचे छोटे तुकडे करावेत आणि दमण्याआधी बसावे. रोज काय केले आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले, याची दोन ओळींत नोंद ठेवल्यास आपली मर्यादा कुठे आहे हे काही दिवसांत दिसू लागते. आजारानंतर तीन महिन्यांनीही थकवा, धाप किंवा विसराळूपणा राहिला असेल तर हीच वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइड किंवा हृदयाचा त्रास यांसारखे दुसरे कारण नाही ना, हे तपासताना त्यांना तिचा उपयोग होतो.